परवाचं विसरू नका

आवटी सरांनी आधी चहा गाळला आणि मग त्यात पावडर टाकली. गाळला म्हणजे काय, किटलीतलं गरम पाणी गाळणीतून कपात ओतलं, वरून चमचाभर पावडर भुरभुरली, कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "घ्या चौगुलेबाई. साखर कमी वाटली तर सांगा." मी प्यायले. आमच्या केंद्रात नव्या पेशंटला पहिल्या दिवशी चहा करायला लावतात आणि तो प्यावा मलाच लागतो. कच्च्या दुधावर आल्याचा तुकडा तरंगणारा चहाही मी प्यायलाय, माझी तक्रार नाही.

चहाला काय काय लागतं हे सरांना पक्कं ठाऊक होतं. पाणी, पावडर, साखर, दूध, गाळणी, एकही वस्तू ते विसरले नव्हते. गेला होता तो फक्त क्रम.

मागच्या साथीतल्या तापाने हे केलं. ताप उतरायचा, माणूस उठून बसायचा, घरच्यांना नावानं हाक मारायचा, आणि सगळे देवाला हात जोडायचे. मग दोन-चार दिवसांत कळायचं की काहीतरी बिनसलंय. पत्त्यांचा कॅट पिसावा तसं झालेलं असायचं. पानं बावन्नच्या बावन्न जागेवर, फाटलेलं एकही नाही, पण कुठल्यानंतर कुठलं याचा पत्ता नाही. लग्न आठवतं, मुंज आठवते, निवृत्तीचा सत्कार आठवतो, पण आधी काय आणि नंतर काय हे विचारलं की माणूस तुमच्याकडे बघून गोड हसतो.

सर असंच हसायचे. मिरजेत चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. मी विचारलं, "सर, पाण्यात ॲसिड घालायचं की ॲसिडमध्ये पाणी?" तर म्हणाले, "दोन्ही छान." मी मनात म्हटलं, बरं झालं यांच्या हातात आता चंचूपात्र नाही, नाहीतर मिरजेतली निम्मी पोरं तोंड भाजून घेतील. बायको कुठे आहे विचारलं तर म्हणाले, "वैजू गेली." आणि त्याच दमात, "येताना कोथिंबीर आणायला सांगितलीय." वैजयंतीबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरांना ते माहीत होतं. कोथिंबीरही माहीत होती. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींना धक्का लावत नव्हत्या. दुःख नाही, वाट बघणं नाही. खरं सांगायचं तर आमच्याकडे येणाऱ्यांत इतका निवांत माणूस मी पाहिला नव्हता.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मी कोर्स करून टेक्निशियन झालेली बाई आहे, मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

मेंदूत खोल, कानाच्या पातळीला, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. आठवणी तिथे बांधल्या जातात. एकेका आठवणीचा पेशींचा एकेक जथा. आठवण जागी झाली की तो जथा चमकतो. एक जथा चमकला आणि पापणी लवायच्या आत दुसरा चमकला, तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट रुंद होते. उलट क्रमानं चमकले तर तीच वाट बुजत जाते. आधी कोण, एवढ्यावरच सगळा खेळ. निसर्गाची ही खोड जुनी आहे. न आणि दी, दोनच अक्षरं घ्या. एका क्रमानं नदी, दुसऱ्या क्रमानं दीन. आपल्या पेशींतल्या साखळीत तर चारच अक्षरं, आणि ती कशी मांडली यावर कैरी होणार की कावळा हे ठरतं.

ताप या वाटा खाऊन टाकतो आणि जथे तसेच सोडतो. आम्ही वाटा परत पाडतो. पेशंटच्या डोक्यावर टोपी घालायची, त्याला एक आठवण बोलायला लावायची, मग दुसरी. टोपीतून सूक्ष्म स्पंदनं जातात आणि ते दोन जथे हव्या त्या क्रमानं पुन्हा पुन्हा चमकवतात. याला आम्ही जोडी लावणं म्हणतो. रात्री पेशंट झोपला की जोडी पक्की होते. अशा शेकडो जोड्या लावल्या की माणसाचा धागा परत धरतो. फक्त खरा क्रम काय, हे यंत्राला ठाऊक नसतं. ते सांगायला घरचं माणूस लागतं.

आणि एक भानगड आहे. मेंदूला नुसत्या क्रमानं समाधान होत नाही, त्याला गोष्ट हवी असते. आम्ही 'अमुक झालं, मग तमुक झालं' एवढंच जोडून देतो. झोपेत मेंदू त्या 'मग'च्या जागी गुपचूप 'म्हणून' घालतो. सकाळी पेशंट उठतो आणि आपणहून सांगतो, अमुक झालं म्हणून तमुक झालं. ते 'म्हणून' आम्ही दिलेलं नसतं. त्यामुळे जोडी उलटी लागली तर माणसाच्या आयुष्यात कुणाचा दोष कुणावर जाईल याचा नेम नाही. आणि एकदा पक्की झालेली जोडी उसवता येत नाही. एका बाईंची उसवायला गेलो तर त्यांची आणखी बरीच वीण सुटली. तेव्हापासून तो नाद सोडला.

सरांचं घरचं माणूस म्हणजे त्यांची एकुलती मुलगी ऋजुता. चाळिशीची, हैदराबादला औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. आली ती फोनवर बोलतच आली. वडिलांच्या पाया पडली, पण कशी, टेबलाखाली पडलेलं पेन उचलावं तशी. त्यांच्याशी बोलताना नजर त्यांच्या खांद्यापलीकडे. सर मात्र खूश. "ऋजू आली! तुझा दहावीचा निकाल लागला का गं?" आणि लगेच, "जावईबापू कुठायत?"

"घरी आहेत बाबा," ती म्हणाली. दहावीचं तिनं सोडून दिलं.

कामाला मात्र बाई चोख. फोटो, तारखा, कुणाचं लग्न कुणाच्या बारशाआधी, सगळं तिला मुखोद्गत. आम्ही सरांच्या लहानपणापासून सुरुवात केली आणि रोज थोडं थोडं पुढे सरकलो. दिवसागणिक सर गोळा होत गेले. एका सकाळी त्यांनी मला खरा चहा पाजला, आल्याचा, उकळून. दुसऱ्या दिवशी मी ॲसिडचं विचारलं तर खेकसले, "पाण्यात ॲसिड! हळूहळू! उलटं केलंस तर तोंडावर उडेल, मूर्ख!" मला कुणी इतक्या प्रेमानं मूर्ख म्हटलं नव्हतं. मी ऋजुताकडे बघितलं. ती हसली नाही.

वैजयंतीबाईंच्या शेवटच्या दिवसांपाशी आम्ही पोचलो तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. नियम आहे. मृत्यूच्या आसपासच्या जोड्या घरच्यांना विचारल्याशिवाय लावायच्या नाहीत.

"हा तुकडा गाळता येतो," मी म्हटलं. "बरेच जण गाळतात. आई गेली एवढं त्यांना कळेल. कशी, कशामुळे, ते सुटं राहील. टोचणार नाही."

"गाळायचं नाही," ऋजुता म्हणाली.

"विचार करा की. लागली की कायमची."

"चौगुले मॅडम, विचार करून झालाय. खूप वर्षं झालाय." तिनं पर्सचा पट्टा मुठीत आवळला होता. "मी त्या आठवड्यात दोन दिवसांसाठी आले होते. आईचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं डॉक्टरांना दाखव, ती म्हणाली दाखवते गं. रविवारी सकाळी मी निघाले. सोमवारी माझी मुलाखत होती, ही आत्ताची नोकरी, तिचीच. मी बाहेर चपला घालत होते आणि आतून आईचा आवाज ऐकला. बाबांना म्हणाली, परवाचं विसरू नका हं. म्हणजे मंगळवारचं. मंगळवारी डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. सोमवारी ती स्टुलावरून पडली. डोक्याला लागलं. तरीही मंगळवारी हे तिला घेऊन गेले नाहीत. दुपारी ती घरातच कोसळली. डॉक्टर म्हणाले, आतल्या आत रक्त साचत होतं, थोडं आधी आणलं असतं तर. मी बाबांना विचारलं, परवा न्यायचं होतं ना? तर काय म्हणाले माहितेय? विसरलो. एवढंच. विसरलो."

मी संमतीचा कागद काढला.

"तेराव्याला सगळ्यांदेखत मी त्यांना म्हटलं, आईला तुम्ही मारलंत. त्यांनी खाली मान घातली. तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं. आणि आता हे असे हसत बसलेत, कोथिंबीर आणायला पाठवलीय म्हणतात. मी एकटीनंच का वागवायचं हे? त्यांना कळायला हवं. आधी स्वयंपाकघर, मग स्टूल. लावा जोडी."

मुलगी निर्दय नव्हती. दमलेली होती. पण माझं काम दमलेल्यांची समजूत घालण्याचं नाही. तिची सही घेतली आणि सरांना टोपी घातली.

जोडी लावण्याआधी आठवण सोलावी लागते. वास, रंग, आवाज, हाताला काय लागलं, असं सगळं पेशंटकडून बोलून घ्यायचं, म्हणजे यंत्राला नेमका जथा सापडतो. ऋजुता सरांच्या समोरच्या खुर्चीत बसली. पडदा माझ्या बाजूला.

"सर, रविवार सकाळ. ऋजुता निघालीय. स्वयंपाकघरात काय दिसतंय?"

"वैजू डबा भरतेय," सर म्हणाले. आठवण डोळ्यांसमोर असली की ते चालू काळातच बोलायचे. "पोळ्या फडक्यात गुंडाळतेय. तुपाचा वास आहे. पदर हातावर पार मनगटापर्यंत ओढून घेतलाय. ऋजूची बॅग दारात. वैजू हळूच म्हणते, परवाचं विसरू नका हं."

पडद्यावर पिवळी चौकट आली. हे यंत्र बनवलं परदेशात, आणि आपला 'परवा' त्याच्या पचनी काही पडत नाही. दरवेळी अडतं आणि विचारतं, मागचा की पुढचा? मी दरवेळी चरफडते. बोलण्यात गेले-आले, जाणार-येणार असं काही असलं तर त्यालाही कळतं. इथे तसलं काही नव्हतं. परवाचं विसरू नका. मी ऋजुतानं सांगितल्याप्रमाणे 'पुढचा' दाबणारच होते, तेवढ्यात सर पुढे बोलले.

"पदर सरकतो. कोपर दिसतं. जांभळं झालंय. काळपट जांभळं."

"बरं. आता स्टूल सांगा."

"तिपाई स्टूल. एक पाय आखूड. मी म्हणतोय चढू नकोस, मी काढतो. ती ऐकतेय कुठली. माळ्यावरून डबा काढताना गेलीच. डोकं भिंतीवर आपटलं. कोपर फरशीवर. लालभडक झालंय. मी बर्फ लावतोय."

माझं बोट बटणावर तसंच राहिलं. मार लागला की आधी लाल, मग जांभळं, मग हिरवट, मग पिवळं. कातडीखाली सांडलेलं रक्त एकेका पायरीनं विरत जातं आणि त्या पायऱ्यांचा क्रम कुणाच्या सोयीसाठी बदलत नाही. लाल कोपर जांभळं होतं. जांभळं कोपर लाल होत नाही. सोमवारी पडलेल्या बाईचं कोपर रविवारी जांभळं कसं असेल?

मी ऋजुताकडे बघितलं. औषधांच्या धंद्यातली बाई, तिला मी सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा उतरला होता. पण तिनं वेगळंच विचारलं.

"बाबा, माळ्यावरून काय काढत होती आई?"

"पुरणयंत्र," सर म्हणाले. "ऋजू उद्या येतेय ना."

"मी शनिवारी आले होते," ऋजुता माझ्याकडे वळून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "शनिवारी पुरणपोळी खाल्ली मी. रविवारी डब्यातही त्याच दिल्या तिनं."

म्हणजे शुक्रवारी. शुक्रवारी बाई पडल्या, शनिवारी पुरण वाटलं, आणि रविवारी म्हणाल्या, परवाचं विसरू नका. रविवारपासून पुढे मोजलं की परवा म्हणजे मंगळवार. मागे मोजलं की शुक्रवार. मुलीनं पुढे मोजलं होतं.

"सर," मी म्हटलं, "वैजयंतीबाई म्हणतात परवाचं विसरू नका. परवाचं काय?"

"आण घातलीय ना तिनं. स्वतःच्या गळ्याची. ऋजूचा फोन आला होता, उद्या येते म्हणून. वैजू टेंगळावर बर्फ धरून बसलीय आणि मला म्हणते, तिला अवाक्षर बोलायचं नाही. मुलाखत आहे तिची. कळलं तर जायचीच नाही ती, मला घेऊन दवाखान्यात बसेल. मुलाखत होऊ दे, मग आपण निवांत जाऊ डॉक्टरकडे." सरांनी इकडेतिकडे बघितलं, पुढे झुकले आणि आवाज खाली आणून ऋजुतालाच म्हणाले, "ऋजूला कळता कामा नये हं."

ती उठून बाहेर गेली. मी यंत्र थांबवलं, सरांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांना बिस्किटं दिली.

व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असा चेहरा.

"त्या मंगळवारी मी आई कधी पडली विचारलं तर म्हणाले काल," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे न्यायचं होतं ना म्हटलं, तर म्हणाले विसरलो. न्यायचं ठरलंच नव्हतं. मी विचारलं ते तसंच त्यांनी अंगावर घेतलं. शुक्रवार म्हणाले असते तर मी विचारलं असतं, मला का नाही सांगितलं? आणि मग..." ती थांबली. "माझी मुलाखत होती म्हणून. माझ्यासाठी पुरण करायचं म्हणून."

"असं नसतं हो," मी म्हटलं. "तुम्ही कुठे सांगितलं होतं पुरण करा म्हणून?"

"तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात ना, मेंदू 'मग'चं 'म्हणून' करतो."

मी तिला पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन तिनं विचारलं, "आत्ता मला हे सगळं बोलले, ते त्यांच्या लक्षात राहील?"

"उपचाराच्या वेळेचं आम्ही मुद्दाम जोडत नाही. सुटं राहतं, काही दिवसांत विरून जातं. तुम्हाला कळलंय हे त्यांना कळणार नाही." मग मी सगळं तिच्यापुढे मांडलं, कारण मांडणं माझं कर्तव्य होतं. "तुमची आधीची जोडी आता मी लावू शकत नाही, ती खोटी आहे. दोन वाटा राहतात. गाळून टाका, म्हणजे ते आत्ता आहेत तसे निवांत राहतील. किंवा खरी लावा. खरी लावली तर ती आण, तुमचं ते तेराव्याचं बोलणं, इतकी वर्षं गप्प राहणं, सगळं ओळीनं त्यांच्या अंगावर येईल. झेपेल का सांगता येत नाही."

आतून सरांचा आवाज येत होता, ते बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचत होते. या माणसाला असंच ठेवलं तर कुणाचं काय बिघडेल, असं मला मनापासून वाटलं.

"खरी लावा," ऋजुता म्हणाली.

"नक्की?"

"आईनं त्यांच्यावर विश्वास टाकला होता. तो त्यांनी कसा जपला हे त्यांना माहीतच नसावं? ते त्यांचं आहे. मी कोण काढून घेणारी?"

मी जोड्या लावल्या. स्टूल, मग आण. आण, मग पुरण. पुरण, मग स्वयंपाकघर. स्वयंपाकघर, मग मंगळवार दुपार. मग दवाखाना, मग तेरावा. सर शांत बसले होते. यंत्र गुणगुणत होतं. ऋजुता त्यांचा हात धरून बसली होती, आणि पेनासारखा नाही, हातासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा सर खिडकीपाशी उभे होते. चहा केला नव्हता. कोथिंबिरीचं नाव नाही. वळून म्हणाले, "वैजूला जाऊन बरीच वर्षं झाली, नाही?" मी हो म्हटलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. मला वाईट वाटलं. बऱ्या झालेल्या माणसाकडे बघून वाईट वाटायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली.

शेवटी तोंडी परीक्षा असते. पेशंटनं आपल्या आयुष्यातला एक तुकडा घरच्या माणसासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. टोपी डोक्यावर असते. माणूस गोष्ट सांगतो तेव्हा प्रत्येक वाक्याच्या जरा आधी मेंदू ते सगळे प्रसंग भरभर चमकवून घेतो, आणि तो खरा क्रम माझ्या पडद्यावर रंगीत पट्टीत उमटतो. पट्टी आणि तोंड जुळलं की उत्तीर्ण. नाही जुळलं तर यंत्र जोडी पुन्हा लावायला सांगतं.

कुठला तुकडा, हे यंत्र निवडतं. त्यानं तोच निवडला.

सरांनी शिक्षकासारखी सुरुवात केली, सावकाश, एकेक मुद्दा सुटा करून. ऋजूचा फोन आला. शनिवारी ऋजू आली. पुरणपोळी झाली. वैजूचं डोकं दुखत होतं. मग ते थांबले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. माझ्या पडद्यावर पट्टी सरसर उमटली. स्टूल, आण, पुरण, स्वयंपाकघर. एकाचाही क्रम चुकला नव्हता. इतकी स्वच्छ पट्टी मी क्वचित पाहिलीय.

आणि तोंडानं सर म्हणाले, "रविवारी तू निघालीस. वैजूनं मला आठवण केली, परवाचं विसरू नका. मंगळवारी तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. सोमवारी ती पडली. तेव्हा तरी मी शुद्धीवर यायला हवं होतं. पण मंगळवारी... मंगळवारी मी विसरलो बाळ."

पडदा लाल झाला. जुळत नाही. जोडी पुन्हा लावा.

क्रम हरवलेला होता तेव्हा हा माणूस खोटं बोलूच शकत नव्हता. तेव्हा त्यांनी मुलीच्या तोंडावर सगळं सांगून टाकलं होतं, कारण काय लपवायचं आणि कुणापासून, हे कळायलासुद्धा आधी-नंतर कळावं लागतं. आता त्यांनी शुक्रवार उचलला, सोमवारी नेऊन ठेवला, आणि कुठे काही उघडं पडू दिलं नाही.

ऋजुता वडिलांकडे बघत होती. पडदा तिला दिसत नव्हता, पण तिला पडद्याची गरज नव्हती. मला भीती वाटली, ही आता बोलणार. आता म्हणणार, बाबा, मला माहितेय.

ती उठली, त्यांच्या खुर्चीपाशी गेली आणि फरशीवर बसली.

"हो बाबा," ती म्हणाली. "विसरलात तुम्ही. माणूस विसरतो."

"तू फार रागावली होतीस."

"होते. आता नाही. खरंच नाही." तिनं डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं, चेहरा त्यांना दिसू नये असं. "चला घरी. माझ्याकडे चला, हैदराबादला. काही दिवस राहा."

सरांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "येतो की," म्हणाले.

ती गाडी आणायला बाहेर गेली. मी लाल चौकट मिटवली आणि निकालाच्या रकान्यात उत्तीर्ण टाकलं. नोकरीत एवढा एक खोटा निकाल मी दिला आहे. अर्थात तो खोटा होता असं मला वाटत नाही.

टोपी काढताना सरांनी माझं मनगट धरलं. शास्त्र शिकवलेला माणूस, पडद्यावर काय दिसतं हे त्यांना न सांगता कळलं होतं.

"चौगुलेबाई, तुम्हाला दिसलं असेल सगळं."

"दिसलं सर."

"तिला कळलं नाही ना?"

बाहेर गाडी उभी होती. काचेतून मला ऋजुता दिसत होती, स्टिअरिंगवर डोकं टेकून, खांदे हलत होते. सरांची त्या बाजूला पाठ होती.

"छे हो," मी म्हटलं. "तिला काय कळणार."